वास्तूचे आयुष्य आणि जीर्णोद्धार

(मठाच्या वर्धापनोत्सवातील व्याख्यानाचा पाठ)



निरुक्तकार यास्काचार्यांनी वार्ष्यायणि नामक आचार्यांचे एक मत नोंदवून ठेविले आहे. जगातील प्रत्येक भावपदार्थाला सहा विकार असतात. तो जन्मतो, असतो, पालटतो, वाढतो, झिजतो आणि अखेर नाश पावतो. पाठशाळेतील विद्यार्थी हे षड्भावविकार लहानपणीच मुखोद्गत करतात आणि उदाहरण विचारले असता घटाचे, वृक्षाचे किंवा देहाचे नाव घेतात. घराचे उदाहरण सहसा कोणी देत नाही. घर ही न जन्मणारी, न मरणारी, नुसती उभी असलेली वस्तू आहे अशी मनाची समजूत असते. वास्तुशांतीच्या दिवशी तिचा आरंभ झाला असे आपण मानतो, आणि तिच्या अंताचा विचार करणे तर अशुभच समजतो.

वास्तविक वास्तुशांतीपूर्वीच घराच्या आयुष्याचा फार मोठा भाग होऊन गेलेला असतो. चिऱ्याच्या खाणीत, सिमेंटच्या भट्टीत, पोलादाच्या कारखान्यात आणि दगडमाती वाहणाऱ्या मोटारींत तो होऊन जातो. आणि घर पाडले म्हणजे त्याची कथा संपते असेही नाही. त्याचा मलबा कोठेतरी जाऊन पडतोच. आधुनिक स्थापत्यशास्त्राला ही सबंध आयुष्याची दृष्टी अलीकडे घ्यावी लागली आहे, आणि तिचे कारण आहे जगाच्या हवामानात पडत चाललेला पालट.

औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे, म्हणजे जुन्या क्रमिक पुस्तकांतील कर्बाम्ल वायूचे, सुमारे २८० भाग होते. २०२४ साली ते प्रमाण ४२० च्याही वर गेले होते, आणि त्याच वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने दीड अंशाहून अधिक भरले. ऊर्जेच्या वापरातून व कारखान्यांतील प्रक्रियांतून जगभर जो हा वायू बाहेर पडतो, त्याचा सुमारे एक तृतीयांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग इमारती बांधणे आणि त्या वापरणे या दोन कामांतून येतो. एकट्या सिमेंटचा वाटा शेकडा ७ ते ८ इतका आहे. यज्ञकुंडाच्या किंवा स्वयंपाकघराच्या धुराकडे बोट दाखविणाऱ्यांनी आपण ज्या छपराखाली बसलो आहोत त्याकडेही एकदा दृष्टी वळवावी, हे बरे.

पूर्वी इमारतीचा हिशेब मांडताना विजेचे देयक तेवढे पाहात असत. आता तेवढ्याने भागत नाही. युरोपात २०११ साली एन १५९७८ नावाचे एक प्रमाण निघाले. त्यात इमारतीचे आयुष्य क्रमाने लावून दिले आहे: माल तयार होणे, तो वाहून आणून बांधकाम होणे, मग वापर, डागडुजी व पालट, आणि शेवटी पाडणे व मलब्याची वासलात. प्रत्येक अवस्थेत किती कर्बवायू बाहेर पडला हे वेगवेगळे लिहावयाचे असते. या चार पायऱ्या संपल्यावर त्या प्रमाणात आणखी एक रकाना ठेविला आहे. पाडलेल्या इमारतीतील दगड, लाकूड, लोखंड दुसऱ्या बांधकामाला उपयोगी पडले तर त्याचा लाभ तेथे लिहितात. वार्ष्यायणींनी सहावा विकार सांगून पूर्णविराम दिला. युरोपातील अभियंत्यांनी त्यापुढे पुनर्जन्माचीही सोय करून ठेविली, ही गंमत पाठशाळेतील माणसाच्या नजरेतून सुटण्यासारखी नाही.

एखादी वास्तू मधल्या अवस्था न भोगताच मेली तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. दिल्लीजवळ नोएडा येथे सुमारे १०० मीटर उंचीचे दोन मनोरे नियमबाह्य ठरले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये ते पाडण्याचा आदेश दिला, आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुरुंग लावून ते काही सेकंदांत जमीनदोस्त करण्यात आले. सुमारे ८०,००० टन मलबा पडला. त्या मनोऱ्यांत एकही कुटुंब राहिले नाही, एकही चूल पेटली नाही. न्यायाच्या दृष्टीने जे झाले ते योग्यच झाले. परंतु त्या सिमेंटसाठी आणि पोलादासाठी हवेत गेलेला वायू कोणत्याही न्यायालयाला परत आणता येणार नाही.

आता आपल्या प्रांताकडे व आपल्या विषयाकडे येऊ. गोमंतकात, बेळगावच्या आसपास, आणि जेथे जेथे आपली मंडळी जाऊन स्थिरावली तेथे, संस्थानांपुढे व देवस्थानांपुढे आज एकसारखा एक प्रश्न उभा राहतो. जुनी अग्रशाळा गळते, भोजनशाळेचे वासे वाळवीने खाल्ले, सभामंडप अपुरा पडतो. कोणीतरी म्हणतो, पाडून नवे बांधू. त्याला जीर्णोद्धार हे नाव दिले जाते, पत्रिका निघते, देणग्या येतात, आणि दोन वर्षांत चिऱ्यांच्या भिंती व कौलांचे छप्पर जाऊन तेथे सिमेंट-काँक्रीटचा ठोकळा उभा राहतो. जीर्ण म्हणजे झिजलेले, आणि उद्धार म्हणजे वर उचलून घेणे. झिजलेल्याला उचलून घेण्याऐवजी त्याला पुरून टाकावयाचे आणि वर उद्धाराची पाटी लावावयाची, हा शब्दावर तरी अन्यायच होय. मयमत या दाक्षिणात्य वास्तुग्रंथात जुन्या देवालयांच्या दुरुस्तीला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे आणि तिला अनुकर्म असे नाव आहे. मूळ कर्माच्या मागोमाग जाणारे कर्म, असा त्या नावातच अर्थ आहे.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. एक सभामंडप डोळ्यांपुढे आणावा. लांबी २० मीटर, रुंदी १० मीटर. त्यावर १५ सेंटिमीटर जाडीचा स्लॅब टाकावयाचा तर ३० घनमीटर काँक्रीट लागते. एका घनमीटरास सव्वातीनशे ते साडेतीनशे किलो सिमेंट धरले, तर एकंदर १० टनांच्या आसपास सिमेंट होते. लोखंडी सळ्या ३ टन धरू. सिमेंटमध्ये औष्णिक वीजकेंद्रातील राख वगैरे किती मिसळली आहे त्यानुसार त्याच्या टनामागे सुमारे ०.६ ते ०.८ टन कर्बवायू पडतो. आणि भारतात टनभर पोलाद होताना सरासरीने अडीच टन पडतो. बेरीज केली तर १३ ते १६ टन होतात. यात खांब, तुळया, गिलावा, फरशी काहीच धरलेले नाही. नुसते डोक्यावरचे छत एवढे खाते. भारतातील एका माणसामागे वर्षाला सरासरी सुमारे २ टन कर्बवायू पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळेल.

आणि हा वायू सर्व एकदम, पहिल्याच वर्षी, बाहेर पडतो. हवेत गेलेल्या कर्बवायूचा बराचसा भाग शतकानुशतके तेथेच राहतो. त्यामुळे नव्या इमारतीत पुढे वीज कमी लागेल आणि पन्नास वर्षांत फिटंफाट होईल, हा युक्तिवाद दिसतो तितका सरळ नाही. कर्ज आज घेतलेले असते, फेड मात्र नातवंडांच्या काळात व्हावयाची असते. आणि मधल्या दशकांचे चढते व्याज कोणी भरावयाचे, हे दस्तऐवजात लिहिलेले नसते. भारताने २०२१ साली ग्लासगो येथील परिषदेत २०७० पर्यंत आपले निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचन दिले आहे. आज टाकलेला स्लॅब नीट राखला तर त्या वर्षी तो अजून उभा असेल. म्हणून तो टाकावयाचा की नाही, याचा विचार आजच व्हावयास हवा.

सिमेंटचा भार एवढा का, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात आपल्या जुन्या गवंड्यांच्या विद्येचेही मर्म सापडते. चुनखडक भाजला म्हणजे त्यातील कर्बवायू निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडक भाजला तर ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो वायू उडून जातो. इंधनाचा धूर तो वेगळाच. चुन्याची भट्टी ९०० अंशांच्या सुमारास तापवावी लागते, सिमेंटची तब्बल १४५० अंशांपर्यंत. पण खरा भेद त्यापुढे आहे. भाजलेला चुना पाण्यात विरविला, वाळूत मिसळून घाणीत मळला आणि भिंतीत घातला, म्हणजे तो हवेतून तोच कर्बवायू हळूहळू पुन्हा शोषून घेतो आणि परत चुनखडकच होतो. दगडाचा चुना आणि चुन्याचा दगड, असे हे चक्र आहे. दगडातून गेलेला वायू बऱ्याच अंशी भिंतीत परत येतो. इंधनाचा मात्र येत नाही. गोमंतकात समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले शिंपले भाजून हा चुना करीत असत. खाण खणावयास नको आणि दूरवरून वाहून आणावयास नको.

काँक्रीटही हवेतून थोडा कर्बवायू शोषून घेते, हे खरे. परंतु चुन्याच्या भिंतीला जी पुष्टी, तीच सळईच्या काँक्रीटला व्याधी ठरते. काँक्रीटमधील क्षारधर्माने आतील लोखंड सुरक्षित राहते. कर्बवायू आत शिरत गेला की तो क्षारधर्म मंदावतो, लोखंडाला गंज धरतो, गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक होते, आणि आतून दाब बसून छताचे पोपडे सुटतात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हे काम आणखी लवकर होते. स्लॅबमधील गंजलेल्या सळ्या उघड्या पडलेल्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना याची फोड करून सांगावयास नको. अशा इमारतीचे आयुष्य साधारणतः ५० वर्षांचे धरलेले असते. हैदराबादचा चारमिनार १५९१ सालचा आहे, दगड आणि चुन्याचा. तो टिकला यात चुन्याची थोरवी आहे तशीच वेळोवेळी झालेल्या डागडुजीचीही आहे, हे विसरून चालणार नाही.

चिऱ्याचेही असेच आहे. फ्रान्सिस बुकॅनन या ब्रिटिश अंमलदाराने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याला लॅटिन भाषेतील विटेच्या शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिले. जमिनीतून काढताना तो कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. त्याला भट्टी लागत नाही. वीट भाजावी लागते, सिमेंटचा ठोकळाही शेवटी भट्टीतूनच येतो. जांभ्याला उन्हाने आणि वाऱ्याने पक्के केलेले असते. केरळात आयुष्य घालविलेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) हे सांगत असत की, घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या मालाने बांधावे, असा विचार महात्माजींनी त्यांच्यापुढे मांडला होता. कोकण-गोमंतकातील जुनी घरे पाहिली तर चिरा, शिंपल्यांचा चुना, रानातील लाकूड, सारे त्या परिघाच्या आतबाहेरचेच होते. कौले मात्र दुरून येऊ लागली. मंगळुरास बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर ती सर्वत्र पसरली. त्यांनाही भट्टी लागते. तथापि कौल एकदा भाजले की दोन-तीन पिढ्या उतरविता-चढविता येते, ही त्याची जमेची बाजू.

येथे एक आक्षेप ऐकू येतो, आणि तो भाविकांकडूनच येतो. इ.स. १५६० च्या सुमारास श्रीमंगेशाला कुशस्थळी सोडून प्रियोळास यावे लागले. वास्तू मागे राहिली, देव आला. मग वास्तूचा एवढा आग्रह कशाला? देवाला चुना काय आणि सिमेंट काय? आक्षेप खोटा नाही. देवाला काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो हवेला, पावसाला, आणि ज्यांच्या शेतात अवेळी पाणी शिरते त्यांना. शिवाय त्या काळी पूर्वजांनी वास्तू सोडली ती निरुपायाने सोडली. हौसेने पाडून नव्या पत्रिका छापणारांना त्यांचा दाखला घेता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. चांगले लाकूड आता मिळत नाही, मिळाले तर परवडत नाही. वाळवीचा उपद्रव आहे. हजार माणसे एका वेळी बसावयाची तर मध्ये खांब नको असतात, आणि तेवढा पल्ला लाकडाच्या तुळईला झेपत नाही. भूकंपाच्या प्रदेशात सळईच्या बांधकामाला तोड नाही. हे सर्व मान्य केल्यावरही प्रश्न उरतो तो एवढाच, की जेथे काँक्रीट अटळ नाही तेथे ते का? आणि जेथे अटळ आहे तेथे ते कमी का नसावे? लॉरी बेकर स्लॅबच्या खालच्या भागात, जेथे काँक्रीटचे काही काम नसते तेथे, जुनी कौले भरून काँक्रीट वाचवीत. सिमेंटमध्येही सुधारणा होत आहे. स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारत येथील शास्त्रज्ञांनी मिळून भाजलेली चिकणमाती व न भाजलेल्या चुनखडकाची पूड मिसळलेले एक सिमेंट सिद्ध केले आहे. त्यात भट्टीतील मूळ माल निम्माच लागतो आणि कर्बवायू शेकडा ४० पर्यंत कमी पडतो. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ साली त्याचे प्रमाण प्रसिद्ध केले आहे. ठेकेदाराला त्याविषयी विचारणे हे विश्वस्तांचे काम आहे. तो आपण होऊन सांगेलच असे नाही.

वापराच्या काळातील हिशेब थोडक्यात सांगता येईल. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खाली उष्णता सोडतो, म्हणून पंखा, आणि पंख्याने भागेना म्हणून वातानुकूलन यंत्र. २०१९ साली भारत सरकारने प्रसिद्ध केलेल्या शीतन कृती आराखड्यात देशाची शीतनाची गरज २०१७-१८ च्या मानाने २०३७-३८ पर्यंत सुमारे आठपट होईल असा अंदाज आहे. त्या यंत्रांना वीज लागते. शिवाय त्यांतील वायू गळला तर तो वजनाला वजन कर्बवायूच्या बहुधा शेकडो ते हजारो पट उष्णता धरतो. उलट जुन्या घराचे उंच आढे, फटींतून वारा खेळू देणारी कौले, रुंद पडवी आणि मधले राजांगण यांनी हे काम विनावेतन केलेले आहे. ज्या संस्थानांच्या स्लॅबच्या अग्रशाळा आज उभ्या आहेत त्यांनी मात्र हे ऐकून त्या पाडावयास निघू नये. त्यांचा भार हवेत जाऊन चुकला आहे; पाडल्याने तो परत येत नाही, आणि नव्याचा भार वर पडतो. त्या स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात दरवर्षी द्यावा, वर हवा खेळेल असे कौलांचे किंवा पत्र्याचे दुसरे छप्पर घालावे, सळ्यांचा गंज वेळीच काढून घ्यावा. काँक्रीटलाही जीर्णोद्धाराचा अधिकार आहे.

परदेशात ही बुद्धी काहींना सुचली आहे. फ्रान्समधील बोर्डो शहरात १९६० च्या दशकातील ५३० घरांच्या मोठ्या इमारती होत्या. लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांनी त्या न पाडता बाहेरून रुंद काचेच्या सज्ज्यांची एक नवी पट्टी जोडली. रहिवासी तेथेच राहिले, घरे मोठी, उजेडाची आणि हिवाळ्यात उबदार झाली. काम २०१७ च्या सुमारास पुरे झाले आणि २०२१ साली त्या दोघांना वास्तुकलेतील प्रित्झकर पारितोषिक मिळाले. जुने पाडावयाचे नाही, हा त्यांचा पहिला नियम.

जपानात इसे येथील देवस्थान याच्या अगदी उलट वाटेने जाते. तेथील मंदिर दर वीस वर्षांनी मुद्दाम नवे बांधतात. सातव्या शतकाच्या अखेरीपासून, मधल्या युद्धकाळाचा खंड वगळता, ही रीत चालू आहे, आणि २०१३ साली तिची ६२ वी आवृत्ती झाली. वरवर पाहता ही उधळपट्टी. परंतु तेथे लाकूड हेच सर्वस्व आहे. जुन्या मंदिराचे खांब प्रथम पुलावरील तोरणाला जातात, तेथून वीस वर्षांनी दुसऱ्या गावाच्या तोरणाला. इतर तुळया-फळ्या देशभरच्या लहान देवळांत वापरतात. पुढील शतकांना झाडे पुरावीत म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच देवस्थानाच्या स्वतःच्या अरण्यात लागवडीचा दीर्घ बेत आखण्यात आला. नवे बांधावयाचे असेल तर ते असे, लाकूड कोठून येणार आणि कोठे जाणार हे आधी ठरवून. वीस वर्षांच्या अंतरामुळे एका सुताराच्या हयातीत दुसरा सुतार तयार होतो, हा लाभ वेगळाच. आपल्याकडे बेत असतो तो उद्घाटनाच्या तारखेपर्यंत.

उतरविता येणे, सोडविता येणे, हा गुण आपल्याही जुन्या बांधकामात होता. चुन्यात बसविलेला चिरा भिंत सोडविताना बहुधा अखंड निघतो, कारण चुना चिऱ्यापेक्षा मऊ असतो. त्याच चिऱ्याला सिमेंटने सांधले की सांधा दगडाहून कठीण होतो; भिंत पाडताना चिरा फुटतो, सांधा तसाच राहतो. लाकडी खुंट्यांनी जोडलेली तुळई सुटते. ओतलेली तुळई फोडावीच लागते. म्हणून गवंड्यांच्या मागच्या पिढ्यांत पडलेल्या घराचे चिरे, दारे, खांब दुसऱ्या घरात जात, आणि अमुक खांब आजोळच्या वाड्याचा आहे अशी आठवण घराघरांत सांगितली जाई. आज पाडकामाचा मलबा रस्त्याकडेला, खाजणात किंवा ओढ्यात पडतो. २०१६ साली केंद्र सरकारने बांधकाम-मलब्यासाठी नियम केले. मलबा वेगळा करण्याची जबाबदारी त्यांत मलबा करणारावर ठेविली होती. पाडावयाचे ठरलेच, तर आधी सोडवावे, मग पाडावे.

हे सारे जाणूनही पाडण्याकडे कल का जातो? येथे थोडे स्पष्ट बोलावे लागते. नव्या सभामंडपाला देणगी देणाऱ्याचे नाव संगमरवरी पाटीवर कोरले जाते. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारण्यासाठी देणगी देणाऱ्याचे नाव कोठेच कोरले जात नाही. कोनशिलेला पाहुणे येतात. फुटलेले कौल बदलताना शिडी धरावयास एक पोऱ्या तेवढा असतो. वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाची कृती दिली आहे: कच्ची तेंदूची व कवठाची फळे, सावरीची फुले, वेखंड इत्यादी पाण्यात आठवा हिस्सा उरेपर्यंत उकळून त्यात गुग्गुळ, बेल आदी मिसळावयाचे आणि तो तापलेला लेप देवालयाच्या भिंतींना व मूर्तींना द्यावयाचा. तो एक कोटी वर्षे टिकतो असे आचार्यांनी म्हटले आहे. ते मोजण्यास कोणी राहिलेला नाही. परंतु सहाव्या शतकातील विद्वानाला भिंत राखण्याची कृती ग्रंथात एक स्वतंत्र अध्याय देण्याच्या योग्यतेची वाटली, यात काही अर्थ आहे. आपल्या हिशेबाच्या वहीत दुरुस्ती हा शब्द किरकोळ खर्चाच्या सदरात सापडतो.

विश्वस्त मंडळांना करता येण्यासारखे काम यातूनच निघते, आणि ते फार खर्चाचे नाही. वर्धापनाच्या निमित्ताने जो निधी जमेल त्याचा एक ठरीव भाग कायम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा आणि त्याच्या देणगीदारांची नावे बांधकामाच्या देणगीदारांच्या पाटीवरच, त्याच अक्षरांत, कोरावीत. कोणतीही वास्तू पाडण्याचा ठराव मंडळापुढे आला, तर त्याच्या जोडीला दोन कागद असल्यावाचून तो चर्चेस घेऊ नये. एकात तीच वास्तू दुरुस्त करून वाढविण्याचा आराखडा असावा. दुसऱ्यात दोन्ही पर्यायांचा आयुष्यभराचा हिशेब असावा: पैशांचा आणि कर्बवायूचाही. असा हिशेब करून देणारे अभियंते आता मिळतात.

प्रत्येक वास्तूची एक वही असावी. माणसाची कुंडली ठेवतो तशी. तीत वास्तू केव्हा व कशाची बांधली, चिरे कोठल्या खाणीचे, लाकूड कोणते, कोणत्या वर्षी शाकारणी झाली, कोणते वासे बदलले, पाणी कोठून झिरपते, विजेचा वर्षाचा खर्च किती, हे लिहीत जावे. आणि पहिल्याच पानावर, आवारात चुना विरवून गिलावा करू शकणारा गवंडी कोण, त्याचे नाव व गाव, आणि त्याच्या हाताखाली कोण शिकत आहे त्याचेही नाव. असे गवंडी आता थोडे उरले आहेत. पावसाळ्यापूर्वीची शाकारणी चैत्र-वैशाखात करावयाची असते. मिरगाच्या आत ती संपली पाहिजे, तेव्हा वहीला आरंभ करावयाचा तो त्याच सुमारास करावा.